विमानासाठी कोणी नवस बोलत नाही

विमानप्रवास लोकांना कितपत सुरक्षित वाटतो, हे मोजायला जाणकार मंडळी प्रश्नावली काढतात. एक ते पाच आकडे, योग्य तिथे खूण करा. हैदराबादेत कुणाला असं विचाराल, तर "डरना कायकू मियाँ, होना सो होताइच" एवढं ऐकून परत यावं लागेल. आणि हेच मियाँ विमान धावपट्टीवर वळलं की डोळे मिटून ओठ हलवताना दिसतील.

माझं ऐकाल तर हे मोजमाप चिलकूरला करावं. गंडीपेट तलावाजवळचं हे बालाजीचं देऊळ, लोकांच्या तोंडी 'व्हिसा बालाजी'. मागणं मागताना 11 प्रदक्षिणा, पुरं झालं की 108. मोजणी चुकू नये म्हणून हातात आकडे छापलेलं कार्ड. फेरी झाली की एका आकड्यावर पेनाची फुली. घामाने कार्ड मऊ पडतं, पेन उमटत नाही, आणि मागून धक्के देणारे 'गोविंदा गोविंदा' करत पुढे जातात. काचीगुड्याच्या आमच्या मावशींनी भाच्याच्या अमेरिकेसाठी अकरा फेऱ्या घातल्या, तेव्हा मी विचारलं, "मावशी, विमान सुखरूप जाऊ दे म्हणून काही मागितलंत?"

"त्याचं काय मागायचं? विमान जातंच रे. व्हिसाचा नेम नाही."

यापेक्षा नेमकं सर्वेक्षण मी पाहिलेलं नाही.

भीती जागी होते ती निघण्याच्या रात्री. जून 2025 मध्ये अहमदाबादला विमान कोसळलं. आतल्या 242 जणांपैकी वाचला तो एकच, 11ए सीटवरचा. त्यानंतर बऱ्याच जणांना तीच सीट हवीशी झाली. मावशींनीही भाच्याला बजावलं, "ती अकरा नंबरची मिळते का बघ." विमान बदललं की तीच सीट भलत्या ठिकाणी येते, हे सांगून उपयोग नव्हता. अकरा आकडा बालाजीचाही आहे.

विमानतळ बेगमपेटला होता तोवर निरोपाचं काम शहरातच उरकायचं. 2008 मध्ये तो शमशाबादला गेला आणि विमानप्रवासाला रस्त्याची लांबलचक शेपटी लागली. मेहदीपटणमहून उड्डाणपुलावर चढलो, तर ड्रायव्हरसाहेबांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात मोबाइल. मावशी निवांत पेंगत होत्या. 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली; दिवसाला सुमारे 460, म्हणजे रोज जवळजवळ दोन भरलेली विमानं. पण ती एकेक-दोनदोन करून जातात, त्यामुळे पेपरात आतल्या पानावर मावतात.

चॉन्सी स्टार या अमेरिकन अभियंत्याने 1969 मध्ये हिशेब मांडला होता: आपखुशीने पत्करलेला धोका माणूस लादलेल्या धोक्याच्या हजारपट चालवून घेतो. मावशी तर गाडीही चालवत नव्हत्या. त्यांचं शास्त्र वेगळं: "ह्याला 'हळू रे बाबा' म्हणता तरी येतं. पायलटला कुठून सांगणार?" बिनतोड आहे. फक्त 'हळू रे बाबा' त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

तेव्हा प्रश्नावलीवाल्यांनो, एक ते पाच राहू द्या. विमानतळाच्या दारात उभे राहा आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारा, येताना मागच्या सीटवर पट्टा बांधला होतात का? कायद्याने तो सक्तीचा आहे. टॅक्सीत बहुधा तो सीटकव्हरखाली दडपलेला असतो. हात घालून बाहेर काढा.