पेंडशांची माणसं

पेंडशांनी काढलेल्या माणसाला हात नसतात. म्हणजे असतात, पण खिशात. पुढारी असेल तर पाठीमागे बांधलेले, म्हातारा असेल तर शालीत, गृहिणी असेल तर पदराखाली आणि यमराज असेल तर रेड्याच्या पलीकडे. एकदा त्यांनी कुस्तीचं चित्र काढलं. दोन्ही मल्ल हात मागे बांधून एकमेकांसमोर उभे. खाली ओळ, ‘कुस्तीपूर्वी’.

हौशी व्यंगचित्रकार ओळखायला सोपा असतो. तुम्ही त्याला तुमच्या मुलाचा निकाल सांगत असता आणि तो तुमच्या कानाकडे बघत असतो. कान भुवईच्या रेषेत सुरू होतो की जरा खाली, आणि नाकाच्या शेंड्याशी संपतो की पुढे रेंगाळतो, हा त्याचा प्रश्न. आमचे पेंडसे दिवसभर फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेब तपासतात आणि सकाळ-संध्याकाळ लोकलमध्ये माणसं तपासतात. शाळेत त्यांना एलिमेंटरीला बी ग्रेड मिळाली होती, इंटरमिजिएटला सी. ही घसरण कोणी काढली की ते शांतपणे म्हणतात, “आर. के. लक्ष्मणना जे. जे.नं प्रवेश नाकारला होता.” माहिती खरी आहे. फक्त जे. जे.नं नाकारलेले बाकीचे सगळे पुढे काय झाले, हे पेंडसे सांगत नाहीत.

दुसरा आधार वसंत सरवट्यांचा. सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते आणि नोकरी सांभाळून त्यांनी इतकं अस्सल काम केलं, हे पेंडसे वहिनींना महिन्यातून एकदा तरी ऐकवतात. बहुधा गिरणीतून दळण आणायचं असतं तेव्हा. वहिनी म्हणतात, “मग दळण आणून काढा. सिमेंटपेक्षा पीठ हलकं असतं.”

तर पेंडशांचा अभ्यास. सुरुवात नकलेपासून झाली आणि त्यात गैर काही नाही, सगळेच तिथून सुरू करतात. ‘मोहिनी’च्या जुन्या मुखपृष्ठांवरून त्यांनी शि. द. फडणिसांची माणसं गिरवली. फडणिसांच्या चित्राला खाली ओळ लागत नाही, म्हणून यांनीही ओळ काढून टाकली. मग चित्र कोणालाच कळेना. तेव्हा ओळ न देता वस्तूंवर नावं घालायला सुरुवात झाली. पोत्यावर ‘महागाई’, खड्ड्यावर ‘खड्डा’. पुढे पुढे खुर्चीवरसुद्धा ‘खुर्ची’ लिहावं लागलं, कारण ती म्हशीसारखी दिसत होती.

खरी अडचण मात्र चेहऱ्याची. पेंडशांना एकच चेहरा येतो. पाऊण वळलेला, डावीकडे बघणारा. हा चेहरा ते झोपेतही काढतील, आणि झोपेत काढला तर कदाचित उजवीकडेही बघेल. जागेपणी नाही. त्यामुळे त्यांच्या चित्रात दोन माणसं बोलत असली की दोघंही डावीकडे बघतात आणि मागचा पुढच्याच्या टाळक्याशी बोलतो. नवरा-बायकोच्या भांडणात हे खपून गेलं. अंतरपाटाच्या चित्रात मात्र नवरी नवऱ्याच्या शेंडीला हार घालायला निघालेली दिसली.

यावर त्यांनी शोधलेला उपाय अस्सल हिशेबनिसाचा होता. चेहरा डावीकडे काढायचा, कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरायचा आणि मागून दिसणारी रेघ गिरवायची. चेहरा उजवीकडे वळला. पण चित्रातलं बाकी सगळंही वळलं. पुरुषांच्या शर्टाचे खिसे उजवीकडे गेले, बायकांचे पदर उजव्या खांद्यावर आले आणि पेंडशांच्या चित्रातलं अख्खं डोंबिवली एका रात्रीत गुजराती झालं.

बरं, तो चेहरा कोणाचा? पेंडशांचाच. तेच पसरट नाक, तीच दुमडलेली हनुवटी. चित्रकाराची माणसं नकळत त्याच्यासारखीच दिसू लागतात, असा इशारा लिओनार्दो दा विंचीनं देऊन ठेवला आहे. तो त्याच्या शिष्यांनी किती ऐकला कोण जाणे, पेंडशांपर्यंत तर पोचलेलाच नाही. त्यांनी काढलेल्या इंदिरा गांधी बघून वहिनी म्हणाल्या, “तुमच्या मालाडच्या आत्या छान आल्यात.” पेंडशांनी केसांतली पांढरी बट दाखवली. वहिनी म्हणाल्या, “आत्यांनाही आहे.”

हत्यारांच्या बाबतीत मात्र पेंडसे कुठे कमी नाहीत. टाक आहेत, निबा आहेत, वॉटरप्रूफ शाई आहे, २बी पासून ६बी पर्यंत पेन्सिली आहेत, आणि दर्जेदार कागदाचं एक बाड आहे, जे चांगलं चित्र जमल्यावर वापरायचं म्हणून अजून कोरंच आहे. मधे मुलानं टॅबलेट आणून दिला. त्यात दोन बोटं टेकवली की शेवटची रेघ पुसली जाते. पेंडशांनी या सोयीचा इतका उपयोग केला की दिवसाअखेर पडदा रिकामा असे. पुन्हा कागदावर आले तेव्हा चुकलेल्या रेघेवर दोन बोटं आपटायची सवय लागली होती. आमटीत मीठ जास्त झालं तेव्हा ती त्यांनी वाटीवरही आपटली, असं वहिनी सांगतात.

मग कोणीतरी सल्ला दिला की पुस्तकातून शिकू नका, जिवंत माणसं बघून रेखाटा. सल्ला उत्तमच होता. मारिओ मिरांडा लहानपणापासून डायऱ्यांमध्ये अवतीभवतीचं गाव टिपत आले, तेव्हा कुठे त्यांच्या चित्रांत ती गर्दी आली. मारिओंना गोवा मिळाला होता. पेंडशांना मिळाली कल्याणहून सुटणारी स्लो लोकल.

पेंडसे रोज उलटे कल्याणला जाऊन बसून येतात. मांडीवर शंभर पानी वही, वर आडवा धरलेला पेपर. पहिल्या आठवड्यातच प्रकरण हातघाईवर आलं. खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांइतका उंच असतो, व्यंगचित्रातला तीन-चार डोक्यांतही भागतो, हे त्यांनी वाचलं होतं. ते मोजायला हात लांब करून, पेन्सिल उभी धरून, एक डोळा मिटायचा असतो. पेंडशांनी समोरच्या गृहस्थांवर तो मिटला. गृहस्थ म्हणाले, “कोणाला डोळा मारताय?” पेंडसे म्हणाले, “तुमचं डोकं मोजतोय.” यानं गैरसमज कमी झाला नाही.

तेव्हापासून ते झोपलेल्यांवर आले. झोपलेला माणूस हलत नाही आणि हरकत घेत नाही. कोपर ते दिवा एक, दिवा ते मुंब्रा दुसरा. ठाण्याला उतरणारा घ्यायचा नाही, कळव्यालाच उठून उभा राहतो. महिनाभरात वही भरली आणि खरंच फरक पडला. नाकं वेगवेगळी झाली, कुणाला गाल आले, कुणाच्या माना लोंबल्या. फक्त आता त्यांच्या चित्रातलं प्रत्येक पात्र डोळे मिटलेलं होतं. अर्थमंत्री डोळे मिटून अर्थसंकल्प मांडत होते, फलंदाज डोळे मिटून चौकार मारत होता. अर्थमंत्र्यांचं चित्र एका दिवाळी अंकाला गेलं. पूर्वी निदान ‘साभार परत’ यायचं, आता ई-मेलला उत्तरही येत नाही.

डोळे उघडण्यासाठी त्यांनी मग उभ्या प्रवाशांकडे मोर्चा वळवला. इथे हातांचा प्रश्न एकदम सुटला, कारण उभ्या प्रवाशाचा हात कडीला असतो, वर, स्पष्ट, पाचही बोटं मोजता येतील असा. मिकी माऊसला तीन बोटं आणि अंगठा एवढ्यावर भागवतात, कारण हजारो चित्रं काढताना एकेक बोट वाचलेलं बरं. पेंडशांनी ती सवलत नाकारली आणि पाच काढली. कधीकधी सहा. तेव्हापासून त्यांच्या चित्रात सगळ्यांचा एक हात वर असतो. नवरदेव मांडवात हात वर करून बसतो, डॉक्टर हात वर करून नाडी बघतात. आमच्या सोसायटीनं ‘पाणी जपून वापरा’चं चित्र मागितलं, तर बादलीशेजारचा माणूस असा काही उभा होता की सेक्रेटरींनी विचारलं, “हा कुठे उतरणार?”

मला विचाराल तर पेंडशांचं सगळ्यात चांगलं चित्र चौथ्या सीटचं आहे. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, त्याला बसणं म्हणायचं तर. त्याचं निम्मं बूड बाकावर, निम्मं सरकारजमा. आतला गुडघा तिसऱ्याच्या मांडीला टेकलेला, बाहेरचा पाय वाटेत खुंटीसारखा रोवलेला. मांडीवर बॅग, बॅगेवर डबा, मान मात्र घरच्या सोफ्यावर बसल्यासारखी ताठ. चित्रकलेत ज्याला ॲक्शन लाइन म्हणतात, ती मानेपासून टाचेपर्यंत जाणारी एक सलग रेघ पेंडशांनी इथे बिनचूक पकडली. नाव कुठे लिहिलं नाही, पण डब्यातल्या कोणीही माणूस ओळखला असता. आमच्याच ग्रुपमधले चव्हाण, रोज दहा मिनिटं उशिरा पोचणारे.

अर्थात पेंडशांना हे चित्र विशेष वाटलं नाही. त्यांना लक्ष्मणांच्या कॉमन मॅनसारखं, नाहीतर पंडित-वाडेकरांच्या १९९१ सालच्या चिंटूसारखं स्वतःचं कायमचं पात्र हवं आहे. त्याचा समोरून, बाजूनं, मागून असा तक्ता ते दोन वर्षं करत आहेत. मागची बाजू झाली आहे. चौथ्या सीटचा त्यांनी फक्त वापर केला. पुढच्याच चित्रात शिवकालीन दरबार होता आणि महाराज सिंहासनावर निम्मे बाहेर बसले होते.

परवा वहीची पानं उलटताना ते चित्र चव्हाणांच्या नजरेला पडलं. गाडी मुंब्र्याच्या पुढे होती. चव्हाणांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. आम्ही सगळे गप्प. पेंडसे त्यांच्या कानाकडे बघत होते.

“हा मी,” चव्हाण म्हणाले.

“हो. म्हणजे तसं कोणी ठरवून नाही...”

“चांगलंय हो. पण मला जरा आत सरकवा ना.”

“आत घेतलं तर सगळी पोज जाते, चव्हाण.”

“पोज जाऊ द्या,” चव्हाण म्हणाले, “माझी कंबर राहील!”