येऊ घातलेल्या खेळाची वाट पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

रोल-प्लेइंग गेम खेळण्यापेक्षा त्याची वाट पाहणं हा मोठा उद्योग आहे. खेळ कधीतरी संपतो. वाट पाहण्याला तशी सोय नाही. या विषयाचं शिस्तशीर शिक्षण कुठेच मिळत नाही आणि आमचे मेहुणे दर वर्षी त्याच चुका नव्या उत्साहाने करतात, म्हणून पुढील नियम घालून देणे प्राप्त आहे.

पहिला नियम झलकेविषयी. 2018 च्या जूनमध्ये बेथेस्डाने ‘एल्डर स्क्रोल्स 6’ची झलक दाखवली. डोंगर, धुकं, संगीत, नाव. अर्ध्या मिनिटात कार्यक्रम आटोपला. मेहुण्यांनी त्या डोंगरांच्या उतारांवरून कथा हॅमरफेलमध्ये घडणार की हाय रॉकमध्ये, यावर प्रबंध होईल इतकं चिंतन केलं. वास्तविक बेथेस्डाची मंडळी तेव्हा ‘स्टारफील्ड’मध्ये बुडालेली होती, आणि तोच यायला 2023 चा सप्टेंबर उजाडला. सबब, झलकेत कुणी चालताना, लढताना, निदान मेन्यू उघडताना दिसेपर्यंत खेळ अस्तित्वात नाही असं धरावं. रजेचा अर्ज तर मुळीच टाकू नये.

दुसरा नियम: जो खेळ अजून आला नाही, त्याच्यासाठी यंत्र विकत घेऊ नये. ‘फायनल फँटसी व्हर्सस 13’ 2006 साली प्लेस्टेशन 3 साठी जाहीर झाला. 2016 मध्ये तो बाहेर पडला तेव्हा त्याचं नाव ‘15’ झालं होतं, प्लेस्टेशन 4 आलं होतं आणि तो एक्सबॉक्स वनवरही मिळत होता.

तिसरा नियम बारीक अक्षरांचा. तो चष्मा लावून पाळावा. ‘कन्सोल एक्सक्लुझिव्ह’ लिहिलं असेल तर मनाई फक्त दुसऱ्या कन्सोलला असते, पीसीला नव्हे. ‘टाइम्ड’ असेल तर करार मुदतीचा. पण मुदत संपली की दुसऱ्या दिवशी खेळ दारात, असं समजणारा साधक कच्चा. 2020 च्या एप्रिलमध्ये आलेल्या ‘फायनल फँटसी 7 रीमेक’च्या वेष्टनावरच वर्षभराची मुदत छापलेली होती. पीसीवर तो 2021 च्या डिसेंबरात आला. एक्सबॉक्सची तारीख जाहीर व्हायला 2025 साल लागलं. करार संपला तरी खेळ दुसऱ्या यंत्रावर बसवायला माणसं लागतात, पैसा लागतो, आणि मुळात कुणाला तरी तशी इच्छा व्हावी लागते.

कधी तर करारही नसतो. ‘बाल्डर्स गेट 3’ एक्सबॉक्सवर प्लेस्टेशननंतर तीन महिन्यांनी आला, कारण दोघांनी एकाच पडद्यावर खेळायची सोय सीरीज एस या धाकट्या यंत्राला झेपेना. मेहुण्यांना अर्थातच यात प्लेस्टेशनवाल्या सोनीचा हात दिसला. मी त्यांना मेमरीचं गणित समजावून सांगायला गेलो. पुन्हा जाणार नाही.

चौथा नियम: कंपनीविषयी बोलताना ‘आपण’ हे सर्वनाम वर्ज्य. एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला बेथेस्डाची मालक कंपनी झेनिमॅक्स घेतल्याची बातमी आली, तेव्हा फोनवर मेहुण्यांचे शब्द होते, “दाजी, आपण बेथेस्डा घेतलं!” यात आपला वाटा किती, हे विचारू नये. बायकोच्या माहेरचा प्रश्न असतो. पुढे 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मालकीच्या ऑब्सिडियनचा ‘आउटर वर्ल्ड्स 2’ पहिल्या दिवसापासून प्लेस्टेशन 5 वरही मिळू लागला. त्या आठवड्यात मेहुण्यांचा फोन आला नाही. खरं सांगायचं तर घर सुनं वाटलं.

पाचवा: तारीख पेन्सिलीने लिहावी. ‘सायबरपंक 2077’ तयार झाला, तबकड्या छापायला निघाल्या, असं ऑक्टोबर 2020 मध्ये जाहीर झालं आणि त्याच महिन्यात तो पुन्हा पुढे ढकलला गेला. डिसेंबरात आला, आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पुढच्या जूनपर्यंत परत ठेवला नाही. 2023 च्या दुरुस्त्यांनंतर तोच खेळ झकास झाला. तात्पर्य, दोन-तीन वर्षं उशिरा घेणाऱ्याला खेळ पूर्ण मिळतो, बहुधा कमी पैशांत मिळतो. हा सल्ला मी दर दिवाळीला देतो. तो ऐकताना मेहुणे माझ्याच घरची चकली खात पुढच्या खेळाची आगाऊ नोंदणी करत असतात.

शेवटचा नियम, खेळ खरोखरच आला तर. अशा खेळाचं आकारमान शंभर-दीडशे जीबी असू शकतं आणि आमचं नेट जलद आहे. त्यामुळे मेहुणे संध्याकाळीच यंत्र पिशवीत घालून येतात. त्यांच्यासाठी भात जास्त लावावा. पहिल्या रात्री कथा सुरू होईल ही अपेक्षा ठेवू नये. ती रात्र पात्राचं नाक घडवण्यात जाते. दीड-दोनला हाक येते, “दाजी, हनुवटी बरोबर वाटतेय का?” उठावं, चष्मा शोधावा, बघावी. एल्फला मिशा लावू देऊ नयेत.