शेअरचा पैसा आणि मालाचा पैसा

खर्ड्याची लढाई वसुलीवरून झाली. निजामाने चौथाईची बाकी थकवली आणि ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी ती रणात मागितली. आज त्याच खर्ड्यात तूर-उडीद पिकवणाऱ्याकडून कोणी काय घ्यायचं, हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा तर राज्याने, बाकी उत्पन्नावर केंद्राने. दिल्लीने हा बांध ओलांडायचा नाही.

पण शेतकऱ्यांनी कंपनी काढली की हा बांध कुठे जातो?

कंपनीच्या लाभांशाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच निकाल दिला. मुंबईच्या बाचा गझदर यांना चहाच्या दोन कंपन्यांकडून २,७५० रुपये लाभांश मिळाला होता. चहा कंपनीचं ६० टक्के उत्पन्न शेतीचं धरलं जातं, तेव्हा लाभांशाचाही तेवढा भाग करातून सोडा, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. मळा कंपनीचा आहे. भागधारकाला मिळतो तो शेअरवरचा परतावा. २०१७ मध्ये टाटा टीच्या खटल्यातही तेच झालं: लाभांश वाटपावर तेव्हा असलेला केंद्राचा कर पूर्ण रकमेवर लावता येतो, असं न्यायालयाने ठरवलं. दोन्ही निकाल मला पटतात. शहरात बसून शेअर घेणाऱ्याला शेतकऱ्याची सवलत कशासाठी द्यायची?

शेतकरी उत्पादक कंपनीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे भागधारक स्वतःच शेतकरी असतो. तुरीचे कट्टे काट्यावर चढले की कंपनी दामाचा काही भाग राखून ठेवू शकते, कायद्यानेच तशी सोय आहे. पुढे सभासदाला तीन वाटांनी पैसे येतात: हा राखलेला दाम, शेअरवरचा मर्यादित परतावा आणि ज्याने जितका माल घातला त्या प्रमाणात बोनस. परताव्यावर खुशाल कर लावा. बोनसला तोच नियम लावणं हा अन्याय आहे. शेअर कितीही असोत, एकही कट्टा न घालणाऱ्याला बोनस मिळत नाही. मग तो शेअरचा पैसा कसा? डाळ मिलमध्ये झालेला नफा शेतीचा नाही, त्यावर कंपनीने कर भरावा. पण आपल्याच सभासदाला आधी कमी दिलेला भाव कंपनीने मागाहून पुरा केला, तर त्याला नफ्याची वाटणी म्हणू नये.

हा घोळ साखर कारखानदारीने वर्षानुवर्षं भोगला आहे. किमान दराच्या वर दिलेला ऊसदर म्हणजे नफ्याची वाटणी, असं आयकर खात्याने धरलं आणि सहकारी कारखान्यांच्या मागे लागलं. २०१६-१७ या करनिर्धारण वर्षाच्या आधी दिलेला ऊसदर खर्च म्हणून धरायची मुभा मिळाली ती थेट २०२३ च्या अर्थसंकल्पात. त्यातून मिळणारा दिलासा सरकारनेच सुमारे १० हजार कोटी रुपयांचा सांगितला. इतकी रक्कम वादात अडकेपर्यंत थांबायची काही गरज नव्हती.

बोनसला करातून सोडण्यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. अनुच्छेद ३६६ म्हणतो, शेतीचं उत्पन्न म्हणजे आयकर कायद्यात ठरवलेलं शेतीचं उत्पन्न. बांध घटनेचा, पण तो कुठून जाणार हे संसद ठरवते. २००८ मध्ये रोपवाटिकेतल्या रोपांचं उत्पन्न संसदेने एका स्पष्टीकरणाने शेतीत घेतलं. मालाच्या प्रमाणात दिलेल्या बोनससाठी तसंच एक स्पष्टीकरण हवं, आणि ते आपल्या खासदारांनी पुढच्या अर्थसंकल्पाआधी मागायला हवं.

तोवर उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी एक काम आजच करावं. वार्षिक सभेच्या ठरावात सगळं ‘लाभांश’ म्हणून एका ओळीत उरकू नये. राखलेला दाम, परतावा आणि बोनस हे तीन आकडे वेगळे लिहावेत, आणि सभासदाच्या हातातल्या पावतीवरही ते वेगळेच दिसावेत.