जिन्याचे पैसे

आमच्या घराण्याचा इतिहास लिहायला बखर नको, मध्य रेल्वेचं वेळापत्रक पुरे. आजोबा लालबागला, वडील डोंबिवलीला, मी बदलापूरला आणि चिरंजीव परवा नेरळच्या साइटा बघून आले. घर दर पिढीला वाढतं आणि गाडीतला वेळही.

आजोबांची चाळीतली खोली दहा बाय बाराची. माणसं नऊ, शिवाय गावाहून गिरणीत चिकटायला आलेला कुणीतरी कायम मुक्कामाला. कोपऱ्यात मोरी, तिच्यावर माळा, माळ्यावर गाद्या आणि गाद्यांवर बहुधा एखादा काका. रात्री बायका-मुलं आत, पुरुष गॅलरीत आणि आजोबा जिन्याच्या चौकात. तिथे वारा छान लागतो म्हणे. भाडं 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने असं गोठलेलं, की पुढे विजेचं बिलही त्याच्यावर गेलं. मालक मग डागडुजी कशाला करतोय!

वडिलांनी सत्तरच्या दशकात डोंबिवलीला ब्लॉक घेतला. पतपेढीचं कर्ज, फंडातून उचल आणि आईच्या पाटल्या. पाटल्यांचा विषय पुढे फक्त भांडणात निघायचा. ब्लॉकचं मुख्य वैभव म्हणजे घरातला संडास. वडील पाहुण्यांना आधी तोच दाखवत. आजोबांनी पाहिला आणि म्हणाले, "चुलीला लागून? शोभतं का रे हे?" संध्याकाळच्या गाडीने ते लालबागला परत.

माझ्या वेळी पाटल्या नव्हत्या, बँक होती. वीस वर्षांचे हप्ते. रेरा यायच्या आधीचा काळ तो, बिल्डर सुपर बिल्टअपवर भाव लावायचा. साडेसहाशे फुटांच्या घरात सतरंज्या जेमतेम चारशे फुटांवर संपल्या. बाकीचे फूट कुठे गेले म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं, "लॉबी, लिफ्ट, वॉचमनची केबिन, जिना." आजोबा जिन्यात फुकट झोपले, मी जिन्याचे चौरस फुटाने पैसे मोजले आणि तिथे चपलासुद्धा ठेवायच्या नाहीत, अशी सोसायटीची नोटीस आहे.

घरात आम्ही तिघं, तरी अडचण तेवढीच. लालबागला नऊ जणांचे कपडे दोन ट्रंकांत मावायचे. आमच्याकडे माणशी एक कपाट आणि वर खुर्चीवर ढीग.

"बाबा, तुमच्या वेळी स्वस्ताई होती," मुलगा म्हणतो. हेच मी वडिलांना ऐकवलं होतं. पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. गिरणीच्या एका पगारावर आजोबांनी नऊ तोंडं पोसली. याचं लग्न ठरलंय, तर कर्जाच्या अर्जावर होणाऱ्या सुनेचाही पगार जोडावा लागतोय.

नव्याने घर बघणाऱ्यांना एवढंच सांगतो. रेरामुळे आता कार्पेट एरिया सांगावा लागतो हे खरं, पण त्यात घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात. तेव्हा साइटवर जाताना टेप न्या आणि भिंत ते भिंत स्वतः मोजा.