दाजींची दस्ती

सहस्रकुंडाचा धबधबा बघायला निघालेली एखादी पेट्रोलची गाडी इस्लापुरात चहाला थांबली, की आमचे दाजी खिशातून पांढरी दस्ती काढतात. गाडीवाल्याला वाटतं, घाम पुसायला. दाजी सरळ गाडीच्या मागं जाऊन उकिडवे बसतात, दस्ती सायलेन्सरच्या तोंडाशी धरतात आणि ओरडतात, ‘‘मारा रेस!’’

दस्ती पांढरीच राहते.

‘‘बघा, समदी घाण हवेत गेली! आता आमची बघा.’’ मग तीच दस्ती त्यांच्या जुन्या डिझेल जीपच्या मागं. काळी कुळकुळीत. ‘‘घाण कुठाय? दस्तीवर. हवेत काय राहिलं? काईच नाही.’’

दाजी थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून हा सिद्धांत मला मुकाट ऐकावा लागतो. दस्त्या धुते अक्का. तिचं मत कुणी विचारत नाही.

पंचाईत अशी की, दाजी अगदीच चूक नाहीत. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलमधून 2.3. पण लिटरमागं डिझेलची गाडी 20 किलोमीटर गेली, तर तसलीच पेट्रोलची 16 वर दम टाकते. म्हणजे किलोमीटरमागं डिझेलचा कार्बन थोडा कमीच. हा हिशोब मी दाजींना सांगून बसलो. दुसऱ्या दिवशी अख्ख्या टपरीला तो पाठ होता.

उरलेला हिशोब मात्र त्यांच्या कानात शिरत नाही.

‘‘दाजी, काजळी अन् नायट्रोजनचे ऑक्साइड डिझेलचेच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2012 मध्येच डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो म्हणून सांगितलंय.’’

‘‘तुमच्या तंबाखूच्या पुडीवर काय लिहिलंय, मेव्हणं?’’

मी पुडी खिशात सारली. ‘‘अन् 2015 मध्ये फोक्सवॅगन पकडली गेली. तपासणीपुरता धूर कमी दाखवायची करामत केली होती डिझेल गाड्यांत.’’

‘‘मग? आपली जीप लपवायलीय का कधी? सोडायलीय समद्यांसमोर!’’

यंदा दाजींनी नवी डिझेल गाडी घेतली. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 नियमातली. नारळ फुटला, हळदीकुंकू लागलं, दाजींनी दस्ती धरली. पांढरी. पुन्हा रेस. पांढरीच. दाजींचा चेहरा उतरला. ‘‘इंजिनात दमच नाही हो!’’

शोरूमच्या पोरानं समजावलं : काजळी आतल्या जाळीत अडकते, नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आहे.

‘‘युरिया? तिकडं कापसाला मिळंना, अन् हिला पाजू?’’

दोन महिन्यांत काचेमागं पिवळा दिवा लागला. घर ते टपरी, टपरी ते शेत एवढ्या फेऱ्यांत ती जाळी तापतच नव्हती. तापल्याशिवाय आतली काजळी जळत नाही. मिस्त्री म्हणाला, ‘‘मधी न थांबता अर्धा तास पळवा, मामा.’’

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दाजी रिकामी गाडी घेऊन हिमायतनगरच्या रस्त्याला लागतात. काम नाही, सवारी नाही. जातात, वळवतात, परत येतात. टपरीवरून कुणी हटकतंच, ‘‘कुठं निघालाव, दाजी?’’

दाजी काच खाली करतात, दस्तीनं घाम पुसतात.

‘‘डिझेल जाळायला. हवा साफ ठेवाव लागते, बाबा.’’