कॅपिटलमध्ये टाका, काका

पासवर्ड ही गुप्त गोष्ट असते असं मानणारा माणूस साताऱ्यात किंवा सांगलीत तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कधी उभा राहिलेला नसतो. तिथं सकाळी अकराला रांग लागते. आधारची पीडीएफ गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून दुकानाच्या व्हॉट्सॲपवर जाते, उघडत नाही, आणि काउंटरच्या आतून प्रश्न येतो, "पासवर्ड काय, काका?" काका बावरतात. आपण तर कसला पासवर्ड घातला नव्हता. दुकानातलं पोरगं स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणतं, "नाव सांगा, जन्मसाल सांगा." काका दोन्ही सांगतात, आणि स्वतःला जरा कमी ऐकू येत असल्यामुळं एसटी स्टँडपर्यंत जाईल अशा आवाजात सांगतात. "कॅपिटलमध्ये टाक रं," रांगेतला तिसरा माणूस पोराला सल्ला देतो. फाइल उघडते, प्रिंट निघते, काका प्रिंट घडी करून खिशात घालतात. फाइल मात्र दुकानाच्या डाउनलोडमध्ये, आधी येऊन गेलेल्या सगळ्या काकांच्या शेजारी, कायमच्या मुक्कामाला राहते.

यात पोराचा दोष नाही. ई-आधारचा पासवर्ड ठरलेलाच आहे. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढं जन्माचं साल. आधार प्राधिकरणानं तो सुरेश कुमार आणि १९९० असं उदाहरण देऊन समजावूनही सांगितला आहे. कुलूप सरकारी, किल्लीचा साचाही सरकारी, आणि साचा जाहीर. ई-पॅनची फाइल जन्मतारखेनं उघडते. बँकांची स्टेटमेंटं पुष्कळदा याच गोत्रातली असतात, चार अक्षरं नावाची आणि चार आकडे तारखेचे.

आता नाव आणि जन्मतारीख हा गोपनीय ऐवज आपल्या दोन जिल्ह्यांत लोक कुठं ठेवतात? साताऱ्यात पोवई नाक्यावर, सांगलीत विश्रामबागेत, दुमजली फ्लेक्सवर. वर दादांचं नाव, मधे गॉगल घातलेले दादा, बाजूला तारीख, आणि खाली शुभेच्छुकांची चाळीस मुंडकी, प्रत्येकाच्या नावासकट. शुभेच्छुकांचे स्वतःचे वाढदिवस पुढच्या महिन्यांत क्रमाक्रमानं त्याच चौकात येतातच. फ्लेक्सवर साल लिहीत नाहीत हे खरं. 'एकसष्टीनिमित्त' एवढंच लिहितात. वजाबाकी चौथीच्या पोराला येते. एकसष्ट पुरी झाली की चालू आहे एवढाच काय तो वाद, आणि तो दोन प्रयत्नांत सुटतो.

या सगळ्यात आता क्यूआर कोडची भर पडली आहे. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन पाहून आपल्याकडं बऱ्याच जणांना हायसं वाटतं. डोळ्यांना वाचता येत नाही, त्या अर्थी आत काहीतरी बंदोबस्तात असणार. आधार कार्डावरच्या कोडात नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो एवढं सगळं भरलेलं असतं आणि त्यावर प्राधिकरणाची डिजिटल सही असते. ही सही कुणी वाचू नये म्हणून केलेली नाही. मजकुरात कुणी खाडाखोड केली तर कळावं, यासाठी ती आहे. प्राधिकरणाचंच ॲप घेऊन कुणीही तो कोड वाचू शकतो आणि वाचावा अशीच अपेक्षा आहे. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दफ्तरात पत्राच्या शेवटी मोर्तब उमटायचं, ते पत्र अस्सल आहे आणि मजकूर इथं संपला हे सांगायला. जासुदानं वाटेत ते वाचू नये, ही मोर्तबाची जबाबदारी नव्हती.

तेव्हा हिशेब असा लागतो: फाइलला पासवर्ड, पासवर्डात जन्मसाल, आणि जन्मसाल त्याच फाइलच्या प्रिंटवर, बिनपासवर्डाच्या कोडात. कोड वाचायचा कंटाळा आला तर शेजारी साध्या मराठीतही छापलेलं आहेच.

मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयानं एक पत्रक काढलं होतं. आधारची झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका, द्यायचीच तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या. सल्ला शहाणपणाचा होता. दोन दिवसांत सरकारनं पत्रक मागं घेतलं, लोक त्याचा भलता अर्थ काढतील म्हणून. आधारच्या बाबतीत प्रवेश एवढ्या तातडीनं बंद केल्याचं हे एकमेव उदाहरण माझ्या स्मरणात आहे, आणि तो आपल्याच सल्ल्याचा केला.

मुळात क्यूआर कोडाकडून गुप्ततेची अपेक्षा करणं हाच त्याच्यावर अन्याय आहे. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ साली तो तयार केला तो मोटारीच्या सुट्या भागांसाठी. कुठल्या पेटीत काय आहे हे कारखान्यातल्या कामगाराला झटकन कळावं, एवढंच काम. तेल सांडो, कोपरा फाटो, सुमारे तीस टक्क्यांपर्यंत नुकसान सोसूनही वाचता यावा अशी त्यात सोय ठेवता येते. (आपल्याकडं रेशनकार्डाचा कोपरा फाटला तर नवं काढून आणा म्हणतात.) झटपट वाचता यावा, वाटेल त्या अवस्थेत वाचता यावा आणि कुणालाही वाचता यावा म्हणून जे जन्माला आलं, त्याच्यावर आपण आता 'खाजगी' अशी पाटी लावतो आहोत.

छापलेल्या साध्या कोडाला पासवर्ड लागत नाही. जे छापलं ते छापलं. फार तर कोडात नुसता पत्ता ठेवायचा आणि त्या पत्त्यावरच्या पानाला पासवर्ड घालायचा, किंवा मजकूरच सांकेतिक करून मग त्याचा कोड काढायचा. डेन्सोवाल्यांनी पुढं अशी एक जातही काढली की तिच्यातला काही भाग कुणालाही वाचता येतो आणि उरलेला फक्त किल्ली असलेल्या यंत्राला. म्हणजे तोड आहे. फक्त तिच्यासाठी किल्ली कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि इथंच आपलं घोडं पेंड खातं. नाही म्हणायचं कुणाला? पाहुणा नाराज होतो.

म्हणून लग्नाच्या हॉलच्या दारात फोटोग्राफर क्यूआरचा स्टँड उभा करतो. स्कॅन करा आणि अल्बम बघा. घरच्या बायकांचे फोटो आहेत, वाटेल त्यानं बघू नयेत, म्हणून पिन ठेवलेला. पिन कोडाच्या खालीच, ठळक टायपात. आणि पिन काय? लग्नाची तारीख. न बोलावलेला माणूसही हॉलच्या कमानीवर वाचून आत येतो. क्लासवाले नोट्सच्या कोडाला पासवर्ड घालतात, क्लासचं नाव आणि पुढं १२३. पहिल्या बाकावरचं पोरगं तो वहीत उतरवून घेतं, शेवटच्या बाकावरचं तोवर ग्रुपवर टाकून मोकळं झालेलं असतं.

याची उलट बाजू पाहा. ज्या गोष्टीबद्दल आपल्याकडं खून पडतात ती जमीन. तिचा विनास्वाक्षरीचा सातबारा महाभूलेखवर फुकट दिसतो, गट नंबर ठाऊक असला की झालं. डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत. सोयरीक जमवताना मुलीचा बाप पत्रिकेच्या आधी हा बघतो, आणि छत्तीसपैकी किती गुण जुळले हे खातेफोडीवरून ठरतं. या दस्तावर पासवर्ड हवा असं कुणी म्हणत नाही, आणि कुणी म्हणूही नये. पीकपाण्याला कुणाचं नाव लागलंय हे दहा जणांना दिसत असेल तरच ते रातोरात बदलत नाही.

१ ऑगस्ट २०२३ ही तारीख मला यासाठी आवडते. त्या दिवसापासून महारेरानं बिल्डरांना गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला, आणि त्याच दिवसापासून खपातल्या तीनशे औषधांच्या वेष्टनावर कोड आला. फ्लॅट आणि गोळी एकाच मुहूर्तावर तपासता येऊ लागली. योगही बरा, कारण पहिला घेतल्यावर दुसरी लागतेच. दोन्हीकडं पासवर्ड नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना कोड चिकटवले तेव्हा तेही उघडेच होते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटून टाकली. पासवर्ड घालण्याचा स्वभावच नसतो काहींचा.

पण आपल्या मातीला गुपित राखता येत नाही असं म्हणावं, तर १९४२ आडवं येतं. तेव्हा वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा निघाला आणि सांगली जिल्हा हे नाव त्याला १९६० साली मिळालं. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहून प्रतिसरकार चालवत होते. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ इंग्रजांची पगाराची गाडी लुटली. माणसं कुठं जेवली, कुठल्या वस्तीवर निजली, सकाळी कुठल्या ओढ्यानं गेली, हे गावोगाव ठाऊक होतं. पाटलाला, गुराख्याला, भाकरी थापणाऱ्या बाईला. विचारणाऱ्या फौजदाराला तेवढं कळायचं नाही. अनोळखी माणूस वेशीत आला की "कुणाचा रं तू?" एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर फ्लेक्सवर वाचून देता येत नव्हतं. फितूर निघालेच नाहीत असं नाही. त्यांच्यासाठी तळपायांची वेगळी व्यवस्था होती, आणि तिच्यावरूनच प्रतिसरकारला 'पत्री सरकार' हे नाव पडलं असं सांगतात. इतकं परिणामकारक गोपनीयता धोरण नंतर कुठल्याही खात्याला जमलेलं नाही.

असो. प्राधिकरणाला पूर्ण नावं ठेवता येत नाहीत. आधार दाखवण्याचा एक ऑफलाइन मार्ग त्यांनी दिला आहे. आधारचा नंबर न उघड करता तपशिलाची फाइल उतरवून घ्यायची, तिला चार खुणांचा शेअर कोड आपला आपण घालायचा, आणि ज्याला फाइल दिली त्यालाच तो सांगायचा. नावाची सक्ती नाही, जन्मसालाची नाही. काहीही चार निवडा.

आणि सांगलीचा एमएच १० असो की साताऱ्याचा एमएच ११, आमचा गडी काय निवडणार हे सांगायला ज्योतिषी नको. आरटीओत रांग लावून, जादा पैसे भरून घेतलेला आकडा. इंग्रजी वळणात जरा ताणला की 'दादा' वाचता येणारा ४१४१, किंवा 'बॉस' वाचता येणारा ८०५५. मोबाइल नंबरचे शेवटचे चार तेच, एटीएमचा पिन तोच, घरच्या वायफायचा शेवटही तोच. आणि दारात उभ्या स्कॉर्पिओवर तो पुढूनही लिहिलेला, मागूनही लिहिलेला, रात्री दिसावा म्हणून वर दिवा लावलेला.