शिक्का मान्य, मूल विचाराधीन

तिकिटे काढली, व्हिसा मिळाला आणि बॅगेत चकल्या-भडंग भरले की मुलांसह परदेशी जाण्याची तयारी झाली, असा भारतीय दांपत्यांचा सर्वसाधारण समज असतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने आई, वडील आणि मूल हे कुटुंब नसून परस्परांना फसवण्यास समर्थ अशा तीन स्वतंत्र व्यक्ती असतात, आणि त्यांपैकी सर्वांत लहान व्यक्ती नेमकी कोणाची, हे कागदानेच सिद्ध करावे लागते.

या सिद्धतेचा आरंभ पासपोर्टापासून होतो. चार वर्षांखालील अर्जदाराचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे छायाचित्र पालकांनीच सोबत न्यायचे असल्यामुळे, ज्याने अजून मानही धरलेली नाही अशा बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवले जाते, आणि डोळे उघडे, तोंड मिटलेले व आईचा हात चौकटीबाहेर असा योग जुळून येईपर्यंत स्टुडिओवाला खुळखुळा वाजवत राहतो. अर्जाला ‘ॲनेक्श्चर डी’, म्हणजे आईवडील दोघांच्या सह्यांचे घोषणापत्र, जोडावे लागते. दोघांपैकी एकाची संमती मिळणे शक्य नसेल, तर ती का नाही हे सांगणारे ‘ॲनेक्श्चर सी’ द्यावे लागते. डिसेंबर 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशा जोडपत्रांची संख्या 15 वरून 9 वर आणली आणि ती साध्या कागदावर, नोटरीविना चालतील असे जाहीर केले. सरकारने नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, ही गोष्ट मात्र नागरिकालाच इतकी संशयास्पद वाटली की, ‘असू द्यावा’ म्हणून नोटरीचा शिक्का मारून घेणारे पालक अद्याप नामशेष झालेले नाहीत.

सही कोणाची, या प्रश्नाचा इतिहासही उद्बोधक आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 नुसार मुलाचे नैसर्गिक पालक, म्हणजे न्यायालयाने नेमल्यावाचूनही ज्यांचा अधिकार चालतो असे पालक, आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई असतात. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मात्र सामान्यतः आईकडे असावा, असे तेच कलम सांगते. दुपटी बदलण्याच्या वयात आई आणि सही ठोकण्याच्या प्रसंगी वडील, ही श्रमविभागणी लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात नेली, तेव्हा 1999 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, वडील हयात असूनही मुलाच्या बाबतीत अनुपस्थित असतील, तर आईच पालक ठरते. घरोघरी ठाऊक असलेली ही वस्तुस्थिती कायद्याच्या ध्यानात येण्यास 43 वर्षे लागली.

एकटीने किंवा एकट्याने मुलाला नेणाऱ्या पालकाजवळ दुसऱ्याचे संमतिपत्र असावे, असा सल्ला अमेरिका आणि कॅनडा देतात. दक्षिण आफ्रिकेने तर मुलांच्या तस्करीला आळा घालण्यासाठी जून 2015 पासून, आईवडील दोघेही सोबत असले तरी, दोघांची नावे असलेला मुलाचा सविस्तर जन्मदाखला मागण्यास आरंभ केला. पर्यटन व्यवसायाने टाहो फोडल्यावर 2019 मध्ये परदेशी कुटुंबांपुरती ही अट सैल झाली आणि मुले आपापल्या आईवडिलांसह जिराफ पाहण्यास मोकळी झाली.

या शास्त्राचा कळस हेग या नगरात आहे. तेथील 1961 च्या करारानुसार ‘ॲपोस्टिल’, म्हणजे कागदाचा खरेपणा दुसऱ्या सदस्य देशाने निमूट मानावा यासाठीचे प्रमाणन, दिले जाते. भारतासाठी हा करार 2005 मध्ये लागू झाला. तेथीलच 1980 चा करार असे सांगतो की, एका पालकाने दुसऱ्याचा हक्क डावलून सोळा वर्षांखालील मूल परदेशी नेले, तर काही अपवाद वगळता ते नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवावे आणि ताब्याचा वाद तेथे मिटवावा. शंभराहून अधिक देशांनी स्वीकारलेल्या या करारावर भारताची सही नाही. विधी आयोगाने 2009 मध्ये ती करावी असे सुचवले, 2016 मध्ये पुन्हा अहवाल दिला, 2018 मध्ये न्यायमूर्ती बिंदल समितीनेही आपला अहवाल सादर केला. मूल नसले तरी फाइल मात्र खात्यांमध्ये विनासंमतिपत्र प्रवास करत राहिली. परदेशात छळ सोसून माहेरी परतलेल्या स्त्रीला हा करार गुन्हेगार ठरवील, ही सरकारची भीती निराधार नाही. परंतु त्या स्त्रीसाठी वेगळा कायदाही झालेला नाही, हे तितकेच खरे.

परिणामी, न्यू जर्सीहून सुट्टीसाठी म्हणून पुण्याला आणलेले मूल परत पाठवले नाही, तर तेथील न्यायालयाचा आदेश आणि येथील कौटुंबिक न्यायालयातील अर्ज समोरासमोर येतात. परदेशी आदेश हा विचारात घ्यावयाच्या बाबींपैकी केवळ एक असून मुलाचे हित सर्वोपरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. ते हित कशात आहे हे ठरेपर्यंत मूल मराठी शाळेत रुळून पावकी-निमकी म्हणू लागते, आणि मग ते रुळले आहे हाच युक्तिवाद होतो.

सारांश, हेगचा शिक्का असलेल्या जन्मदाखल्याला सरहद्दीपलीकडे जो मान निःशंकपणे मिळतो, तो त्या दाखल्यातील मुलाला मिळत नाही. म्हणून दूरदर्शी पालकांनी मुलाचीच दस्तऐवज म्हणून नोंदणी करावी, त्याच्या पाठीवर परराष्ट्र मंत्रालयाचे स्टिकर चिकटवून घ्यावे आणि दोन छायाप्रती जवळ ठेवाव्यात. अडचण एवढीच की, मूळ प्रत पडताळणीसाठी सादर केल्यावर ती कोणत्या पालकाला परत करायची, हे खिडकीवरचा कारकून पुन्हा त्या पालकांनाच विचारील.